चार बोलपट आणि छप्पन्न गाणी

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या धायरीत एक प्रश्न हटकून कानावर येतो. "मॅडम, मुले चार दिवस घरात आहेत. त्यांना जुने काही चांगले दाखवायचे आहे. काय दाखवू?" विचारणारी कधी आई असते, कधी आजोबा असतात. हेतू मात्र बहुधा औषधाचा असतो. मुलांच्या कानांवर हल्ली जे पडते त्यावर उतारा म्हणून जुन्या बोलपटाचा एक चमचा पाजायचा, वर दोन भावगीतांचा मध चाटवायचा आणि संस्कार झाले असे समजून आपण चकलीच्या डब्याकडे वळायचे! मुले हुशार असतात. चमचा पुढे आला की ती तोंड फिरवतात.

माझे म्हणणे असे, की आपले उत्तम जुने बोलपट औषधी नाहीतच. ते चांगले भांडखोर आहेत. ज्यांनी ते काढले त्यांनी आपल्या काळातल्या घरादाराशी उघड भांडण मांडले होते, आणि ते सगळेच काही मिटलेले नाही.

वानगीदाखल 'कुंकू' घ्या. प्रभात फिल्म कंपनीने तो १९३७ साली काढला. कथा ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे. पोरक्या नीराचे लग्न फसवणुकीने एका वयस्क विधुर वकिलाशी लावले जाते. नीरा रडत बसत नाही, विहीर जवळ करीत नाही, घर सोडून पळूनही जात नाही. त्याच घरात राहून ती या माणसाला नवरा मानायचे साफ नाकारते. शांता आपटे यांनी ही नीरा अशी उभी केली आहे, की तिच्यापुढे आजच्या मालिकांतल्या बऱ्याच नायिका आज्ञाधारक वाटाव्यात. काकासाहेबांच्या भूमिकेत केशवराव दाते आहेत. आणि गंमत अशी, की या माणसाचा राग करता करता आपल्याला त्याची दयाही येऊ लागते. आणखी एक गोष्ट मुलांना आधी सांगू नका, नंतर विचारा: यात पार्श्वसंगीत कुठे होते? ते नाहीच. ऐकू येतात ते त्या त्या प्रसंगातल्या वस्तूंचे आवाज. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक पुढे पुढे अंगावर येते ती त्यामुळेच.

वर्गात हा बोलपट दाखवला की पहिली वीस मिनिटे मुले त्या काळच्या बोलण्याला हसतात. मग हसू थांबते. एकदा तर तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. काकासाहेबांना शेवटी माफ करावे की नाही, यावर दोन मुली आणि एक मुलगा हातघाईवर आले होते.

पण त्याहून मोठी गोष्ट आमच्या शेजारी घडली. एका घरी सूनबाईंनी माझ्या सांगण्यावरून 'कुंकू' लावला. पंचाऐंशीच्या घरातल्या सासूबाई जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. बोलपट संपला, आणि नातीने सहज विचारले, "आजी, असे खरेच होत असे?" आजी म्हणाल्या, "मला तरी कुठे कुणी विचारले होते?" आजोबांचे ते दुसरे लग्न होते आणि ते आजींपेक्षा अठरा वर्षांनी मोठे होते, हे त्या घरातल्या नातवंडांना त्या रात्री प्रथम कळले. सूनबाई दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "आता आजी रोज थोडेथोडे सांगतात. ऐकवत नाही, पण उठवतही नाही."

'संत तुकाराम' सुचवला की लोक म्हणतात, "तो तर भक्तिपटच!" आहेच. दामले-फत्तेलाल यांनी तो १९३६ साली काढला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण विष्णुपंत पागनीसांचे शांत तुकोबा पाहताना दुसरा डोळा गौरीने केलेल्या जिजाईवर ठेवा. घरात दाणा नाही, पोर आजारी आणि नवरा भजनात. ती थेट विठ्ठलालाच जाब विचारते. संतपट असूनही या बोलपटात तिची बाजू कुठे लंगडी पडलेली नाही. मराठी शिकवणाऱ्या माणसाला न राहवून सांगावीशी वाटणारी एक गोष्ट: यातले एक पद शांताराम आठवल्यांनी तुकोबांच्या धाटणीत लिहिले, आणि ते इतके बेमालूम जमले की भल्याभल्यांनी ते गाथेत शोधले.

तिसरा 'शेजारी', १९४१ चा. पाटील आणि मिर्झा हे जिवलग शेजारी. गावात धरण बांधायला आलेली मंडळी त्यांच्यात फूट पाडतात. मराठीत दाते पाटील झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा. हिंदी आवृत्तीत मिर्झा जागीरदारच राहिले, पण हिंदू शेजारी झाले मझहर खान! शेवटी धरण फुटते. खडकवासल्याच्या इतक्या जवळ राहणाऱ्या आम्हा मंडळींना तो प्रसंग पाहताना १२ जुलै १९६१ चे पानशेत आठवल्यावाचून राहत नाही. बोलपट त्याच्या वीस वर्षे आधीचा आहे.

लहानांसाठी 'गुळाचा गणपती' (१९५३). कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायक, सगळे पु. ल. देशपांडे. त्याविषयी जास्त लिहीत नाही. लावा आणि बाजूला व्हा.

हे बोलपट आज पाहता येतात हेही थोडे नव्हे. प्रभातची वास्तू विधी महाविद्यालय रस्त्यावर. १९६० पासून तिथे चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था आहे. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी देशभर हिंडून फिती गोळा केल्या. तरी जुनी नायट्रेटची फीत फार ज्वालाग्राही. जानेवारी २००३ मधल्या आगीत असा कितीतरी साठा जळून गेला.

आता गाणी. घरोघरी 'गीतरामायण' आहे, पण बहुतेक ठिकाणी ते सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातले. ते उत्तम आहेच. पण १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर जे ऐकवले, त्यात पात्रागणिक गळा वेगळा होता. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशी मंडळी त्यात गायली. गाणी छप्पन्न झाली, कारण त्या वर्षी अधिक महिना आला. ग. दि. माडगूळकरांनी गीत लिहावे, फडक्यांनी चाल बांधावी, आणि पुढच्या आठवड्याला पुन्हा तेच, असा तो वर्षभराचा नेम. आकाशवाणीची ती मूळ ध्वनिमुद्रणे मिळाली तर जरूर मिळवा. सीतेचे दुःख स्त्रीच्या गळ्यातून ऐकले की त्याच शब्दांचे वजन बदलते.

मात्र छप्पन्न गाणी एका बैठकीत उरकू नका. आठवड्याला एकच लावा. दिवाळीला सुरू केलीत तर संपेपर्यंत पुढची दिवाळी उलटून गेलेली असेल.