शास्त्रचर्चा : मिठाच्या खड्यांतील जमाखर्च

मुलांच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत मिठाची एक गोष्ट हटकून सांगितलेली असते. सोडियमच्या अणूजवळ ११ इलेक्ट्रॉन; त्यांतील बाहेरचा एक त्याला जड झालेला. क्लोरिनजवळ १७; बाहेरच्या कक्षेंत आठ पुरे होण्यास त्याला एक कमी. मग सोडियम आपला इलेक्ट्रॉन आनंदानें देतो, क्लोरिन तो आनंदानें घेतो, दोघेही तृप्त होतात आणि मीठ तयार होतें. गोष्ट गोड आहे व तिला परीक्षेंत गुणही मिळतात. परंतु घरांतील एखादी चौकस मुलगी "अणूला हवेंसें वाटतें म्हणजे काय?" असें विचारते, तेव्हां "पुढच्या इयत्तेंत कळेल" म्हणून तिला गप्प बसविण्यांत येतें. आमच्या मतें हें योग्य नव्हे. कारण मुलीची शंका खरी असून गोष्टच खोटी आहे.

हिशेबच पाहूं. २३ ग्रॅम सोडियमच्या सुट्या, वायुरूप अणूंतून प्रत्येकीं एक इलेक्ट्रॉन काढून घेण्यास सुमारें ४९६ किलोजूल ऊर्जा खर्चावी लागते. हें आनंदाचें दान नव्हे, ओढून घेतलेला कर आहे. तेच इलेक्ट्रॉन ३५.५ ग्रॅम क्लोरिनच्या अणूंस दिले, तर सुमारें ३४९ किलोजूल परत मिळतात. म्हणजे या देण्याघेण्यांत १४७ किलोजूलांची खोटच आली! शिवाय सोडियम हा धातु. त्याचे अणु सुटे करण्यास १०७, आणि क्लोरिनच्या जोड्या फोडण्यास सुमारें १२१. एकूण तूट ३७५. आणि तरीही सोडियमचा तापविलेला तुकडा क्लोरिनमध्यें धरला, तर तो झगझगीत पिवळ्या ज्योतीनें जळतो. (हा प्रयोग घरीं करावयाचा नव्हे. १९१५ च्या एप्रिलांत ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडलेला विषारी वायु तो हाच क्लोरिन.)

मग तोटा भरून निघतो कोठून? इलेक्ट्रॉन गमावलेला सोडियम धनभारित होतो, तो मिळविलेला क्लोरिन ऋणभारित. विरुद्ध भार एकमेकांस ओढतात. परंतु हे अणु एकेक जोडी करून स्वस्थ बसत नाहींत. असंख्य अणु एकत्र येऊन थरावर थर रचतात. त्या रचनेंत प्रत्येक सोडियमभोंवतीं सहा क्लोरिन, व प्रत्येक क्लोरिनभोंवतीं सहा सोडियम. या एकत्र येण्यानें सुमारें ७८७ किलोजूल बाहेर पडतात. तूट वजा जातां चारशेंहून अधिक शिल्लक उरते. तीच ती उष्णता व तीच ती ज्योत. अमक्या सोडियमचा अमका क्लोरिन, असें खड्यांत बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. एकत्र कुटुंबांतील आमच्या वाचकांस ही व्यवस्था समजण्यास जड जाऊं नये. येथें नातें एकाशीं नसून साऱ्या घराशीं असतें.

मिठाची ही रचना ब्रॅग पितापुत्रांनीं १९१३ च्या सुमारास क्ष-किरणांच्या साह्यानें उघड केली, व त्याच कार्याबद्दल १९१५ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. पुत्र लॉरेन्स तेव्हां अवघा २५ वर्षांचा होता. तरी जुन्या पिढीच्या गळीं ही गोष्ट उतरेना. आर्मस्ट्राँग नांवाच्या वृद्ध इंग्रज रसायनज्ञानें १९२७ मध्यें देखील 'नेचर' पत्रांत बिचाऱ्या मिठाची कड घेऊन तक्रार केली!

साखरेचें मात्र निराळें. तेथें कोणी कोणास इलेक्ट्रॉन देऊन टाकीत नाहीं; दोन अणु इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक ठेवतात, आणि दोघांचींही केंद्रें त्या जोडीस ओढून धरतात. ही कल्पना अमेरिकेंतील लुईस यांनीं १९१६ मध्यें मांडली. साखरेच्या एका रेणूंत असे ४५ अणु घट्ट बांधलेले असतात, परंतु रेणूरेणूंतील ओढ बेताचीच. म्हणून साखर २०० अंशांच्या आंतच वितळते व करपूं लागते. मीठ वितळण्यास ८०१ अंश सेंटिग्रेड लागतात.

पुस्तकांतील आणखी एका वाक्याकडेही आईबापांनीं लक्ष द्यावें. 'बंधांत ऊर्जा कोंडलेली असते व बंध तुटला कीं ती सुटते' असें मुलें पाठ करितात. वस्तुतः बंध तोडण्यास नेहमीं खर्चच येतो. मिळकत होते ती नवा बंध जुळतांना. स्वैपाकघरांतील गॅस जळतो तो प्राणवायूशीं होणारे नवे बंध जुन्यांहून बळकट असतात म्हणून. आणि आरंभीं काडी ओढावी लागते ती कांहीं जुने बंध तोडण्याचा पहिला खर्च भागविण्यासाठीं.