मोफत विधी साहाय्य, पण कोणाच्या खर्चाने?

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
बार कौन्सिल ऑफ इंडिया, नवी दिल्ली



२००८ च्या विधी शिक्षण नियमांनी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२ आठवडे इंटर्नशिप सक्तीची केली. ती कोणाकडे करावी याची यादी नियमांत आहे. सलग चार आठवड्यांहून जास्त करू नये, हेही आहे. त्या दिवसांत विद्यार्थ्याने राहावे कुठे आणि खावे काय, याबद्दल मात्र एक ओळ नाही. एवढ्या वर्षांत ती लिहायला परिषदेला सवड झाली नसावी. कामाचा व्याप मोठा आहे, हे मान्य.

मोठ्या लॉ फर्ममध्ये जागा मिळाली तर बहुधा विद्यावेतन हाती पडते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बहुतेक ठिकाणी प्रमाणपत्र मिळते. विद्यार्थी प्राचार्यांकडे तक्रार नेतात, तेव्हा प्राचार्य परिषदेच्या नियमांकडे बोट दाखवतात. आणि नियम गप्प.

प्राधिकरणाच्या या कामाची तुरुंगात किती गरज आहे, तेही पाहावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतले तीन. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने आत राहिलेले यांतच मोजलेले. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितले, की जामिनानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. गरज पडल्यास त्या कैद्याच्या सामाजिक-आर्थिक परिस्थितीचा अहवालही तयार व्हावा. हे काम खुर्चीत बसून होत नाही. कैद्याच्या घरी जावे लागते, भाऊ कुठे कामाला आहे ते शोधावे लागते, रेशन कार्ड आणि सॉल्व्हन्सीच्या कागदांसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. ‘तारीख’ आणि ‘रिमांड’ यांतला फरक आईला तिच्या बोलीत समजावावा लागतो. त्यातून कोर्टांना मे महिन्याची सुट्टी असली तरी रिमांड थांबत नाही. नेमकी तेव्हाच विद्यार्थ्यांनाही सुट्टी असते.

हे काम सर्वांत चांगले कोण करील? जिला अहिराणी किंवा गोंडी घरातूनच येते, ती मुलगी. पण नंदुरबार किंवा गडचिरोलीहून शहरात शिकायला आलेली ही मुलगी सुट्टीत दुकानात उभी राहते किंवा गावी मजुरीला जाते, कारण चार आठवड्यांचे खोलीभाडे आणि मेसचे पैसे तिच्याकडे नसतात. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर तिचे वडील मोफत वकिलाला पात्र ठरतात. आपल्याच वडिलांसारख्यांना ते साहाय्य मिळावे म्हणून तिने मात्र पदरमोड करायची!

पैसे नाहीत, असे कोणी म्हणू नये. १५ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात परिषदेनेच नवोदित वकिलांना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये देण्याची शिफारस केली. चांगले केले. त्याच वर्षी केंद्राच्या इंटर्नशिप योजनेत बड्या कंपन्यांत शिकणाऱ्यांसाठी दरमहा ५,००० रुपये ठरले आणि महाराष्ट्र सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला १०,०००. कंपनीच्या फायली चाळणाऱ्याला ५,००० आणि तुरुंगाच्या मुलाखत खोलीत बसणारीला शून्य, हा हिशेब परिषदेला मान्य आहे काय? पाच हजारांचाच दर धरला तरी २० आठवड्यांचे, म्हणजे पाच वर्षांतल्या सगळ्या इंटर्नशिपचे, २५,००० रुपये होतात. १२ आठवड्यांचे १५,०००. एका नवोदित वकिलाच्या एका महिन्याच्या शिफारशीच्या आसपासची ही रक्कम.

घ्यायच्या पैशांचा हिशेब या व्यवसायाला कधी अवघड गेला नाही. सनदेसाठी राज्यांच्या बार कौन्सिलांनी कुठे १५,००० तर ओडिशात ४२,१०० रुपये आकारले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठणकावले तेव्हा कुठे ती रक्कम कायद्यातल्या ७५० वर, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ वर आली.

आणि हा विषय आमचा नाही, असेही म्हणता येणार नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम ४ मध्ये प्रत्यक्ष कामातून कायदा शिकवण्याचे कार्यक्रम राष्ट्रीय प्राधिकरणाने बार कौन्सिलशी विचारविनिमय करून आखावेत, असे लिहिले आहे. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर विधी साहाय्य निधीची तरतूदही याच कायद्यात आहे.

तेव्हा मागणी एवढीच : राष्ट्रीय प्राधिकरणाशी बोलून या निधीतून विद्यावेतनाचा किमान दर ठरवावा, तो नियमांत लिहावा आणि विधी साहाय्याच्या कामापुरती चार आठवड्यांची अट सैल करावी, म्हणजे एकाच कैद्याचा जामीन अर्ज लिहिण्यापासून त्याच्या सुटकेपर्यंत विद्यार्थ्याला सोबत राहता येईल. यंदाच्या मे महिन्यापूर्वी हे जमणार नसेल, तर का जमणार नाही ते परिषदेने लेखी कळवावे.