काळीला सातबारा, पांढरीला काय?



कर घेताना घर पक्कं आणि विकताना कच्चं, हा हिशेब कुणाला पाहायचा असेल त्यानं गावातलं घर विकायला काढून पाहावं.

समजा, मालेगाव तालुक्यातल्या आपल्या जऊळक्यात एकानं घर काढलं. दवाखाना असेल, पोरीचं लग्न असेल, नाहीतर तोट्याच्या शेतीचं कर्ज. घर बापाच्या हातचं, धाब्याचं. एका बऱ्या साली कापसाचा चुकारा हाती आला, तेव्हा धाबं उतरवून टिनं टाकली. पुढं सोयाबीनच्या पैशावर दोन खोल्यांना स्लॅब पडला. 2014 नंतर स्वच्छ भारतचे 12,000 रुपये मिळाले, त्यात पदरचे घालून संडास बांधला. गिऱ्हाइकाला घर पसंत पडतं, सौदा ठरतो. मग गिऱ्हाइकाची बँक विचारते, स्लॅबची परवानगी कुठाय? मंजूर नकाशा कुठाय?

नकाशा गवंड्यानं काडीनं जमिनीवर काढला होता. तो पहिल्याच पावसात गेला.

इथून भाव पडायला लागतो. बाजार समितीत व्यापारी सोयाबीन मुठीत धरून ‘ओलावा जास्त आहे’ म्हणतो ना, तसंच इथं ‘कागद नाही’. माल तोच, घर तेच, पण घासाघीस आपल्याच पदरातून.

कायदा नाही असं आम्ही म्हणत नाही. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 52 सांगतं की गावठाणात बांधकाम करायचं तर पंचायतीची परवानगी हवी. ठीक. पण हीच पंचायत पुढं काय करते? नमुना 8 मध्ये ‘माती’ खोडून ‘सिमेंट’ लिहिते आणि घरपट्टी वाढवते. 2015 पासून तर भांडवली मूल्यावर आकारणी आहे, म्हणजे घर जितकं सुधाराल तितकी पट्टी जास्त. परवानगी विचारायला कुणी आलं नाही, पट्टी वाढवायला मात्र न चुकता आले. संडासाचे तर फोटो काढून नेले! आणि खरेदीखताच्या दिवशी निबंधक कार्यालयात मुद्रांक शुल्क लागतं ते मोकळ्या जागेवर नाही, बांधकाम धरून. ज्या स्लॅबवर सरकार दोन ठिकाणी पैसे घेतं, तो स्लॅब सरकारच्या लेखी बिनपरवाना कसा?

नमुना 8 दाखवला तर म्हणतात, ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. न्यायालयंही तेच सांगतात. मग मालकीचा कागद कुणी केला? इंग्रजांनी काळी शंकूसाखळीनं मोजली, कारण तिथून सारा यायचा. पांढरीतून सारा नव्हता, म्हणून आतली घरं न मोजता सोडून दिली. स्वराज्य आलं तरी बहुतेक खेड्यांत पांढरी तशीच राहिली. कागद शेतकऱ्यानं हरवला नाही, तो कधी तयारच केला गेला नाही. त्यात आपला मुलूख 1 जुलै 1998 ला अकोल्यातून निघून वाशीम जिल्ह्यात आला. जुनं काही शोधायचं तर दोन दारं ठोठवा.

आता म्हणतील, स्वामित्व योजना आली, 2020 पासून ड्रोननं गावठाणं मोजली जातात. चांगलंच आहे, मिळकत पत्रिका जरूर घ्या. पण ती जागेची हद्द आणि क्षेत्र सांगते. स्लॅब कुणाच्या परवानगीनं पडला, ते सांगत नाही. आणि गावठाणाबाहेर वाढलेल्या वस्तीला तर तिचाही आधार नाही.

शहराचं पाहा. गुंठेवारीनं तुकडे पाडून केलेली बांधकामं नियमित करायला 2001 साली कायदा झाला, आणि 2021 साली मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. पैसे भरा, कागद घ्या. शहराला जो रस्ता मिळतो तो जऊळक्याला का नाही?

कुणी बोळ दाबून भिंत घातली असेल तर ती पाडा, आमचं म्हणणं नाही. पण स्वतःच्या जागेत बांधलेलं, नमुना 8 वर चढलेलं आणि पट्टी भरलेलं बांधकाम परवानगीचंच धरलं पाहिजे, आणि तसा दाखला पंचायतीनं दंड न लावता दिला पाहिजे. ग्रामविकास खात्याच्या एका आदेशाचं हे काम आहे.

तोवर इसार घेण्याआधी एवढं करा. आकारणी बदलली त्या प्रत्येक सालचे नमुना 8 चे उतारे मागा. दिले नाहीत तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. घरपट्टीच्या पावत्या, वीजजोडणीचा कागद, घरकुल वा संडासाच्या अनुदानाची नोंद एका पिशवीत बांधा. आणि येत्या ग्रामसभेत वरच्या मागणीचा ठराव घालून त्याची नक्कल जिल्हा मेळाव्याला आणा.