त्रिपुरीत मतदारांचा कौल डावलला गेला

काँग्रेसच्या अध्यक्षाला ‘राष्ट्रपती’ म्हणण्याचा प्रघात असलेल्या काळात, २९ जानेवारी १९३९ रोजी, प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींनी सुभाषचंद्र बोस यांना १५८० मते देऊन त्या पदावर पुन्हा निवडले आणि गांधीजींचा पाठिंबा असलेल्या पट्टाभि सीतारामय्या यांना १३७७ मते पडली. हा कौल तीन महिन्यांत निष्फळ करण्यात आला, आणि त्याला पक्षांतर्गत कुरबूर म्हणून सोडून देणे हा त्या प्रतिनिधींवर अन्याय आहे.

१९३५ च्या कायद्यातील संघराज्य योजना, म्हणजे ब्रिटिश प्रांत आणि संस्थाने यांना एकत्र बांधून संस्थानिकांना झुकते माप देणारी केंद्रव्यवस्था, साफ धुडकावावी आणि युरोपावर युद्धाचे सावट असतानाच इंग्रज सरकारला मुदतीचा निर्वाणीचा खलिता धाडावा, अशी बोस यांची भूमिका होती. ज्येष्ठ नेते तडजोडीला राजी असल्याचा त्यांचा आरोप पुराव्यावाचून केलेला होता, हे मान्य केलेच पाहिजे.

फेब्रुवारीत कार्यकारिणीच्या बहुतेक सदस्यांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये जबलपूरजवळच्या त्रिपुरी अधिवेशनात तापाने फणफणलेल्या अध्यक्षांना स्ट्रेचरवरून आणावे लागले, त्यांचे भाषण वडीलबंधू शरच्चंद्रांनी वाचून दाखवले, आणि त्याच अधिवेशनाने गोविंद वल्लभ पंत यांचा, कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी असा ठराव संमत केला. वास्तविक ही नेमणूक अध्यक्षाच्या अधिकारातली होती, तर गांधीजी १९३४ पासून पक्षाचे सभासदही नव्हते. शिवाय पुढे त्यांनीच नावे सुचवण्यास नकार देऊन बोस यांना स्वतःच्या मताची कार्यकारिणी नेमण्यास सांगितले. नेमावी तर ठरावाचा भंग आणि न नेमावी तर पक्ष कार्यकारिणीविना, अशी ही कोंडी होती. गांधीजींवाचून देशव्यापी लढा अशक्य आहे, या युक्तिवादात तथ्य होते. पण त्यासाठी अविश्वासाचा ठराव उघडपणे आणायला हवा होता. अध्यक्षाला पदावर ठेवून त्याचे अधिकार काढून घेणे हा प्रामाणिक मार्ग नव्हे.

२९ एप्रिलला कलकत्त्यात बोस यांनी राजीनामा दिला. ३ सप्टेंबरला, त्रिपुरीनंतर सहा महिनेही उलटले नसताना, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदी नेत्यांना न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले.

निवडून आलेल्या अध्यक्षावर विश्वास उरला नसेल, तर त्याच मतदारांकडे पुन्हा कौल मागावा, अशी तरतूद प्रत्येक पक्षाच्या सभासदांनी आपल्या पक्षाच्या घटनेत आग्रहाने करून घ्यावी.