तीनशे शब्दांचा निबंध
आम्ही जन्मभर मुलांकडून निबंध लिहवून घेतले. परंतु निबंधाने शील घडते, असा आमचा अनुभव नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे १७ वर्षांच्या मुलाच्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. मुलगा मद्य प्यालेला होता, असा आरोप; जामिनाच्या अटींत मात्र ३०० शब्दांचा निबंध! पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टर व खुद्द आईबाप पकडले गेले. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क, हे कायद्याचे माप. पण रक्तच दुसऱ्याचे दिले, तर कायदा मोजणार काय? धृतराष्ट्राच्या पुत्रस्नेहाने पुत्र वाचले नाहीत. आमच्या मारुंजीतही आता दारोदारी मोटारी उभ्या असतात. वाचकहो, किल्ली मागणाऱ्यास वेळीच ‘नाही’ म्हणणे, आणि अपराध घडलाच तर मुलास स्वतः चौकीवर नेणे, हेच वडीलकीचे कर्तव्य होय.