भिंतच तर होती म्हणे!

चंदिगढच्या रॉक गार्डनला आपल्याकडे 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणतात. शाळेच्या प्रदर्शनात शोभणाऱ्या या बिरुदाचा मला वीट आलाय. कारण नेकचंद सैनी या माणसाने जे केलं, नेमकं तेच त्यात गाळलं जातं.

फाळणीत गाव सीमेपलीकडे राहिलं, नेकचंद इकडे आला. नोकरी बांधकाम खात्यात, रोड इन्स्पेक्टरची. कलेचं शिक्षण शून्य. नवं चंदिगढ उभारायला जुनी गावं पाडली होती. त्यांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबश्या हा गडी ड्यूटी संपली की सायकलवरून सुखना तलावाजवळच्या जंगलात न्यायचा. तिथे बांधकामाला बंदी! म्हणजे सरकारी नोकराने सरकारी जमिनीवर केलेलं अतिक्रमण, तेही वर्षानुवर्षं, गुपचूप. एकीकडे कॉर्ब्युजिएचे सेक्टर मापात उभे राहत होते, आणि दुसरीकडे त्याच शहराच्या मोडतोडीतून सिमेंटची माणसं, जनावरं, पाखरं रांगेने. मला विचाराल तर शहराचं खरं दप्तर या रांगांमध्ये आहे.

सत्तरच्या दशकात गुपित फुटलं. नियमाने बुलडोझरच फिरायचा. पण लोक बघायला लोटले, काही अधिकाऱ्यांनी (असतात असे, क्वचित) शहाणपण दाखवलं, आणि १९७६ मध्ये बाग खुली झाली. नेकचंदला त्याच कामासाठी पगार मिळाला, हाताखाली मजूर मिळाले. १९८४ मध्ये पद्मश्री. पुढे रस्त्यासाठी बागेवर घाव घालायचा घाट घातला गेला, तेव्हा चंदिगढकर आडवे आले.

२०१५ मध्ये नेकचंद गेला. आणि मार्च २०२५ मध्ये बागेच्या भिंतीचा एक भाग पाडला. कशासाठी? तर शेजारच्या हायकोर्टाकडे जाणारा रस्ता नि पार्किंग!

"भिंतच तर होती" म्हणणारे भेटतातच. अहो, तिथली भिंत म्हणजे सोसायटीचं कंपाउंड नव्हे. वळणावळणाच्या अरुंद वाटा, वाकून शिरावं लागणारी बुटकी दारं, आणि पुढचं दिसू न देणाऱ्या भिंती, यांनीच ती बाग बनलीय. मूर्ती ठेवून भिंती काढल्या तर उरेल ते गोदाम.

एका कारकुनी नोकरदाराने नियम मोडला तो बाग करायला. मग आज गाड्या लावायला ती तोडणाऱ्यांना काय म्हणायचं? तेव्हाचं अतिक्रमण की आत्ताचं?

पाडलेला भाग पुन्हा बांधा आणि गाड्या लांब लावा, वकीलसाहेबांना थोडं चालता येईल. आणि मित्रहो, यापुढे 'टाकाऊतून टिकाऊ'चा फॉरवर्ड पाठवाल, तर खाली त्या पाडलेल्या भिंतीचा फोटोही जोडा.