आधी धूळ मोजा

नरतुरंग तारकासमूहात, सुमारे 450 प्रकाशवर्षांवर, टीवायसी 8241 2652 1 अशा रुक्ष नावाचा एक तारा आहे. जात आपल्या सूर्याची, वय जेमतेम एक कोटी वर्षं. 1983 मध्ये आयरास या अवकाश दुर्बिणीला त्याच्याभोवती उबदार धूळ दिसली, तीही ताऱ्याच्या अगदी निकट. 2008 मध्येही ती होती. 2010 च्या सुरुवातीला वाइज उपग्रहानं पाहिलं, तर धुळीची चमक तिसाव्या हिश्श्यावर आलेली! ती ताऱ्यात कोसळली की आपटून-आपटून इतकी बारीक झाली की प्रकाशाच्या दाबानं उडून गेली, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

ताऱ्याजवळची धूळ मुळात टिकाऊ नसते. बारीक कण बाहेर ढकलले जातात, जरा मोठे घिरट्या घालत ताऱ्याकडे ओढले जातात. म्हणून प्रौढ ताऱ्याजवळ धूळ दिसली की समजावं, तिथं लघुग्रह आदळताहेत, धूमकेतू झिजताहेत, नाहीतर नुकतंच काही भयंकर घडलंय. मेष राशीतल्या बीडी+20 307 या सूर्यसदृश जोडताऱ्याभोवती आपल्या सूर्यमालेच्या जवळजवळ दहा लाख पट धूळ सापडली. दोन ग्रहांची टक्कर, हाच तिचा सर्वांत पटणारा खुलासा.

आता दुसऱ्या पृथ्वीच्या शोधाकडे वळू. दुरून पाहिलं तर पृथ्वी सूर्यापेक्षा सुमारे एक हजार कोटी पट मंद. आपल्या सूर्यमालेतली विरळ धूळसुद्धा एकत्रितपणे तिच्यापेक्षा कितीतरी जास्त उजळ. शेजारच्या ताऱ्याकडे अशी धूळ शंभरपट असेल, तर तिथली पृथ्वी त्यात हरवूनच जाईल.

शेजारच्या ताऱ्यांकडे अशी धूळ किती, याचं मोजमाप ॲरिझोनातल्या लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोपवर झालं. 8.4 मीटरचे दोन आरसे, आणि दोघांनी टिपलेल्या लहरी अशा जुळवलेल्या की ताऱ्याचा प्रकाश स्वतःलाच खोडून टाकतो. मागं उरते ती धूळ. 38 ताऱ्यांपैकी 10 जणांकडे ती सापडली. 2020 मध्ये निष्कर्ष आले: सूर्यासारख्या ताऱ्यांभोवतीची मध्यक पातळी आपल्या तिप्पट, पण अनिश्चितता इतकी की ती 27 पटींपर्यंतही असू शकते.

ग्रहाच्या छायाचित्रासारखा गाजावाजा या कामाच्या वाट्याला आला नाही. तो यायला हवा होता. दुसरी पृथ्वी शोधण्यासाठीची नासाची नियोजित दुर्बीण, हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी, कोणत्या ताऱ्यांकडे रोखायची, हे ठरवताना अशी मोजणी लागणारच, आणि 38 तारे त्यासाठी फार थोडे आहेत. अब्जावधी डॉलर ओतण्याआधी एकेका ताऱ्याची धूळ मोजून घ्यावी.

या मोजणीचं एकक म्हणजे आपलीच धूळ: एक झोडी. ती डोळ्यांनी दिसते. फेब्रुवारी-मार्चच्या अमावास्येच्या आसपास, संधिप्रकाश पूर्ण विझल्यावर, पश्चिमेला तळाशी रुंद आणि वर निमुळता होत गेलेला एक फिकट, जवळजवळ उभा पट्टा उमटतो. हाच राशिचक्रीय प्रकाश. शहरात तो दिसणार नाही. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला आहे. येत्या फेब्रुवारीत तिथं, किंवा गावाकडच्या एखाद्या काळोख्या माळावर, जरूर जा.